पडद्यावरून पानावर: चित्रपट झालेली, कॉपीराइट संपलेली पुस्तकं कशी वाचावीत

'श्यामची आई' पाहिलेली माणसं मला खूप भेटतात, वाचलेली त्याहून कमी, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली अगदीच थोडी. शाळेच्या पुस्तकात एखादा धडा असतो, लहानपणी कधीतरी टीव्हीवर चित्रपट पाहिलेला असतो, आणि हे आपल्याला ठाऊक आहे असं मनात पक्कं बसतं. मग पुस्तक हाती घेणं राहून जातं.

पुस्तक उघडलं की पहिल्या काही पानांतच एक गोष्ट लक्षात येते. आईची गोष्ट आपण थेट ऐकत नाही. मोठा झालेला श्याम आश्रमात, संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर, सोबत्यांना ती सांगतो आहे. रोज रात्री थोडी थोडी. प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलंच नाही, 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत आणि त्या ४२ रात्री आहेत. कुठलीही कथा पडद्यावर गेली की त्यात काय घडलं ते बहुतेक वेळा येतं. कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, सांगताना कुठे थबकतंय, हे बरंचसं पानावरच राहतं. ते मिळवायचं असेल तर मूळ पुस्तकाकडेच जावं लागतं, आणि अशी कितीतरी पुस्तकं आज एक रुपयाही न देता, कायदा न मोडता वाचता येतात. कशी, ते एकेक करून सांगतो.

पुस्तक खरंच मोकळं आहे का, ते तपासा

भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्याचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. सोपा हिशोब असा: मृत्यूच्या सनात ६१ मिळवा. जे वर्ष येईल त्याच्या १ जानेवारीपासून पुस्तक सर्वांचं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं मोकळी. 'पथेर पांचाली'चे लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय हेही १९५० सालीच गेले, तेव्हा त्यांचंही वर्ष तेच. लेखकाच्या पश्चात प्रथम छापल्या गेलेल्या पुस्तकाला मात्र मृत्यूऐवजी प्रकाशनाचं वर्ष धरतात.

ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. त्या सुमारास कायदा बदलून १९९२ मध्ये ती ६० वर्षं केली गेली. जुन्या लेखांत ५० चा आकडा दिसला तर त्यावरून हिशोब करू नका.

आता एक फसवी जागा, जिथे चांगले वाचकही गोंधळतात. हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे हे दोन वेगळे लेखक. हरिभाऊ १९१९ साली गेले. त्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर बाबूराव पेंटरांनी १९२३ साली मूक 'सिंहगड' काढला आणि प्रभातने १९३३ साली बोलका. ती कादंबरी कधीचीच मोकळी झाली आहे. नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून १९३७ चा 'कुंकू' निघाला. ते १९७१ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन १ जानेवारी २०३२ ला मोकळं होईल. बोलका 'सिंहगड' आणि 'कुंकू', दोन्ही चित्रपट शांतारामबापूंचे, दोन्ही प्रभातचे, लेखकांची नावं फक्त उलटसुलट. मृत्यूचं वर्ष पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'पुस्तक जुनं आहे' एवढ्यावरही विसंबून चालत नाही. गो. नी. दांडेकर १९९८ साली गेले, त्यामुळे 'जैत रे जैत' २०५९ मध्ये मोकळं होईल. व्यंकटेश माडगूळकर २००१ साली गेले, 'बनगरवाडी'चं वर्ष २०६२. या पुस्तकांच्या फुकट पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्या उघडू नका. ही पुस्तकं दुकानात मिळतात, ग्रंथालयात मिळतात, तिथून घ्या.

भाषांतराचा हक्क मूळ पुस्तकापेक्षा वेगळा असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 'देवदास'चे लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्याय १९३८ साली गेले, पण त्यांच्या कादंबरीचं मराठी भाषांतर मोकळं आहे का, हे भाषांतरकाराच्या मृत्यूवर ठरतं. शरदबाबूंच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या मामा वरेरकरांनी. ते १९६४ साली गेले, म्हणजे त्यांची भाषांतरं १ जानेवारी २०२५ पासून खुली झाली आहेत. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची हवी तेवढी चर्चा झालेली नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचेही हक्क त्या त्या माणसाचे असतात.

परदेशातल्या मराठी वाचकांनी तिथला नियम पाहावा. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं मोजतात. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांची मोजणी लागते, त्यामुळे भारतात मोकळं असलेलं पुस्तक तिथे अजून बंद असू शकतं.

चांगली प्रत शोधा

मराठीसाठी पहिली जागा मराठी विकिस्रोत. तिथला मजकूर टंकित असतो, अक्षर मोठं करता येतं, शब्द शोधता येतो. दुसरी जागा इंटरनेट अर्काइव्ह. तिथे जुन्या छापील पुस्तकांची पानं जशीच्या तशी स्कॅन करून ठेवली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही मंडळाची बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. हिंदीसाठी हिंदी विकिस्रोत आणि इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग. ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं आहेत, इंग्रजी अर्थातच सर्वाधिक.

फाइल उतरवली की वाचायला बसण्याआधी पाच मिनिटं तपासणीला द्या. मुखपृष्ठ नव्हे, आतलं शीर्षकपान पाहा: लेखक, भाषांतरकार, आवृत्ती, साल. 'संक्षिप्त', 'कुमारांसाठी' किंवा 'रूपांतर' असा शब्द बारीक अक्षरात कुठे आहे का ते बघा. मग अनुक्रमणिकेतलं शेवटचं प्रकरण आणि फाइलचं शेवटचं पान जुळतं का पाहा. मधली दहा-बारा पानं उलटून पृष्ठक्रमांक सलग आहेत ना, तेही बघून घ्या. एका जुन्या कादंबरीच्या स्कॅनमध्ये नेमकी शेवटची आठ पानं नव्हती, हे मला तीनशे पानं वाचून झाल्यावर कळलं. शेवटी ग्रंथालयात जाऊन ती पानं उभ्याने वाचली. तेव्हापासून मी आधी शेवट तपासतो.

ग्रंथालयाचा उल्लेख मुद्दाम केला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर अशा ठिकाणी जुन्या आवृत्त्या अजून आहेत. पडद्यावर डोळे शिणत असतील तर सरळ छापील प्रत घ्या. 'श्यामची आई' तर कुठल्याही गावात, अगदी कमी किमतीत मिळते.

जुनं शुद्धलेखन अडवतं तिथे

स्कॅन उघडून 'कांहीं', 'नाहीं', 'केलें', 'घरांत' असे शब्द दिसले की अनेकजण दोन पानांत पुस्तक मिटतात. खरं तर अर्ध्या तासात डोळ्याला सवय होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ते आहेत. वाचताना दोनच गोष्टी करा. शब्दाच्या शेवटी 'ें' दिसला की तो बोलीतल्या 'ं'सारखा वाचा: केलें म्हणजे केलं, पुस्तकें म्हणजे पुस्तकं. बाकीचे अनुस्वार डोळ्याआड करा.

पण ते अनुस्वार निरुपयोगी नाहीत. 'ते' म्हणजे ती माणसं आणि 'तें' म्हणजे ती वस्तू, हा भेद जुन्या छपाईत एका टिंबाने कळतो. 'मीं' म्हणजे 'मी केलं' यातला करणारा मी. लांब वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण, याचा गोंधळ झाला तर ते टिंब बघा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. जुन्या वळणाच्या मजकुरात शोध घेतानाही शब्द जुन्या वळणानेच टंकावा लागतो. 'नाही' टंकून 'नाहीं' सापडेलच असं नाही.

अनोळखी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. दर ओळीला मात्र कोश उघडू नका. शब्द पेन्सिलीने टिपा, प्रकरण संपल्यावर एकदम बघा.

आधी पुस्तक की आधी चित्रपट?

माझं मत लांबीवर ठरतं. कथा असेल तर आधी वाचा. तासाभराचं काम असतं आणि मनातली चित्रं आपली स्वतःची राहतात. मोठी कादंबरी, त्यात परक्या प्रांतातली नाती आणि नावं असतील, तर आधी चित्रपट पाहायला माझी अजिबात हरकत नाही. चेहरे ओळखीचे झाले की तीनशे पानांची चढण सोपी होते.

सुरुवात प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी'पासून करा. १९२४ ची कथा, दहा-बारा पानांची, लिपी देवनागरी, हिंदी आपल्याला समजणारी. भाषांतराची गरजच नाही. कठीण जातील ते लखनवी उर्दू शब्द, पण संदर्भाने कळतात. एका संध्याकाळी कथा वाचा आणि दुसऱ्या दिवशी सत्यजित राय यांचा १९७७ चा चित्रपट बघा. बघण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: गोष्ट कोण सांगतं, सुरुवात कुठून होते, शेवट काय होतो. चित्रपटानंतर त्याच तीन ओळी पुन्हा लिहा.

फरक तिथेच दिसतो. कथेत अवधचा नवाब वाजिद अली शाह जवळजवळ पडद्याआड आहे. ईस्ट इंडिया कंपनीची फौज येते, नवाबाला कैद करून नेते, आणि बुद्धिबळात बुडालेले दोघे जहागीरदार, मीर आणि मिर्झा, हे सगळं ओझरतं पाहून पुन्हा पटाकडे वळतात. चित्रपटात नवाब आणि कंपनीचा रेसिडेंट जनरल औट्रम यांना मोठी जागा आहे. १८५६ साली अवध कसं गिळलं गेलं, ते राय सविस्तर दाखवतात. शेवट तर पूर्ण वेगळा. कथेत पडक्या मशिदीत दोघं डावावरून भांडतात, तलवारी उपसतात आणि एकमेकांना मारतात. ज्या राजासाठी डोळ्यांत थेंब आला नाही, त्याच्याऐवजी बुद्धिबळाच्या वजिरासाठी जीव दिला, असं प्रेमचंद शेवटी सुनावतात. चित्रपटात पिस्तुलातून गोळी सुटते, पण कुणी मरत नाही. दोघं पुन्हा डाव मांडतात.

कोणता शेवट बरोबर, हा वाद घालत बसू नका. प्रेमचंद चिडलेले आहेत आणि त्यांना शिक्षा द्यायची आहे. रायांच्या मते अशी माणसं मरत नाहीत, ती खेळतच राहतात, आणि तीच खरी शोकांतिका. मला स्वतःला कथेचा शेवट जास्त लागतो. चित्रपट पाहून थांबलो असतो तर प्रेमचंदांचा तो राग मला कधी भेटलाच नसता.

'श्यामची आई': बेचाळीस रात्री

हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. वाचायला मात्र घाई करू नका. एका बैठकीत संपवलं तर आईचं रडणं, श्यामचं रडणं एकमेकांत मिसळतं आणि मन बधिर होतं. मी ठामपणे सुचवतो की रोज रात्री एकच रात्र वाचा, शक्य तर मोठ्याने. सहा आठवडे लागतात. गुरुजींनी पुस्तकाची घडणच तशी केली आहे: दिवसभराची कामं संपली आहेत, माणसं जमली आहेत, गोष्ट थोडी सांगून थांबते आणि उद्याची ओढ लागते.

वाचताना दर रात्रीची सुरुवात वगळू नका. आश्रमातलं बोलणं, कुणी आजारी आहे, कुणी उशिरा आलं, अशा चार ओळी असतात आणि मुलांना वाचून दाखवताना त्या गाळण्याचा मोह होतो. पण त्या ओळींमुळेच सांगणारा श्याम आणि गोष्टीतला श्याम वेगळे राहतात. एक लहान मुलगा चुकतो; दुसरा, मोठा झालेला, ती चूक चारचौघांत कबूल करतो. पुस्तकातलं धैर्य या दुसऱ्याचं आहे.

मुलं कंटाळतील असं वाटत असेल तर क्रम मोडायला हरकत नाही. 'मुकी फुले' ही तिसरी रात्र आधी घ्या. दुसऱ्या मुलांआधी आपल्याला फुलं मिळावीत म्हणून झाडावरच्या कळ्या आदल्या दिवशीच तोडून आणणारा श्याम कुठल्याही मुलाला ओळखीचा वाटतो. मग 'श्यामचे पोहणे', मग 'अळणी भाजी'. 'अळणी भाजी'त आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील एक अक्षर न बोलता जेवतात, म्हणून मुलंही काही बोलत नाहीत. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. त्यात घटना म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. जेवणाऱ्यांच्या मौनाचं सगळं वजन शब्दांनी पेललं आहे, आणि ते पानावरच नीट कळतं.

बत्तिसाव्या रात्रीपासून पुस्तक काळवंडतं: कर्ज, गरिबी, अब्रूचे धिंडवडे, आईचं आजारपण. इथून पुढे लहान मुलांसोबत वाचत असाल तर एखाद्या रात्री थांबावंसं वाटेल, थांबा. आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो, तो नंतर पोचतो, हे आधीच माहीत असूनही एकेचाळिसावी रात्र मला मोठ्याने वाचता येत नाही.

आता चित्रपट. अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' सर्व भारतीय चित्रपटांत पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. वनमालांची आई आणि माधव वझे यांचा श्याम अजून जुने झालेले नाहीत. भारतात चित्रपटाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांचा असल्याने तो चित्रपटही आता मोकळा आहे. पाहताना एकच काम करा: ४२ पैकी कोणत्या रात्री अत्र्यांनी घेतल्या, कोणत्या सोडल्या, त्यांच्यापुढे अनुक्रमणिकेत खूण करा. दोन-अडीच तासांत सगळ्या बसणं शक्यच नाही. काय गळालं हे पाहताना अत्र्यांना पुस्तक कसं दिसलं ते कळत जातं. नंतर २०२३ चा कृष्णधवल चित्रपट पाहा. त्यात ओम भुतकर साने गुरुजींच्या भूमिकेत आहेत, म्हणजे गोष्ट सांगणारा मोठा माणूस पडद्यावर येतो. दोन दिग्दर्शकांनी एकाच पुस्तकातून काय उचललं हे ताडून पाहण्यासारखं याहून चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही.

बंगाली कादंबऱ्या

'देवदास' १९१७ ची, छोटी कादंबरी. १९२८ च्या मूकपटापासून तिचे चित्रपट होत आले आहेत. २००२ च्या चित्रपटात पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचतात; कादंबरीत त्या दोघी कधी भेटतच नाहीत. शरदबाबूंचा देवदास पडद्यावरच्यापेक्षा दुबळा आहे, आणि लेखक ते लपवत नाही. शेवटच्या परिच्छेदात तो वाचकाकडे वळून या माणसासाठी करुणा मागतो. तो परिच्छेद चुकवू नका.

'पथेर पांचाली'साठी धीर लागतो. राय यांच्या चित्रपटात काशफुलांतून धावत गेलेली अपू आणि दुर्गा ही भावंडं आगगाडीपर्यंत पोचतात. कादंबरीत त्या दिवशी ती पोचतच नाहीत, आणि आजारी दुर्गा अपूला एकदा रेल्वे दाखवशील का म्हणून विचारते. चित्रपट गाव सोडण्यापाशी थांबतो, पुस्तक काशीला जातं. तो भाग रायांनी 'अपराजितो' या पुढच्या चित्रपटात घेतला, म्हणून पुस्तक संपवून तोही पाहा. भाषांतर निवडताना ते पूर्ण आहे ना, हे आधी पाहा. इतक्या मोठ्या पुस्तकाची संक्षिप्त रूपं निघणं साहजिक आहे.

इंग्रजीचा सराव करायचा असेल तर

किपलिंगचं 'जंगल बुक' घ्या, १८९४ चं. किपलिंग मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. मोगलीचं रान सिवनीचं, नागपूरपासून जवळचं, आणि त्यातली वैनगंगा हीच आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहणारी. पहिल्या भागात सात कथा आहेत, त्यांतल्या तीनच मोगलीच्या. तेवढ्या तीन वाचा. १९६७ च्या कार्टूनपटातला कपटी 'का' अजगर पुस्तकात मोगलीचा मित्र आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवायला जातो. माकडांचा राजा लुई पुस्तकात नाहीच. किपलिंगच्या माकडांना ना राजा, ना कायदा. शेरखानला मोगली म्हशींच्या कळपाखाली तुडवून मारतो. प्राण्यांची इंग्रजी जुन्या वळणाची आहे, तेव्हा लिब्रिव्हॉक्सचं वाचन कानाला लावून सोबत ओळींवरून बोट फिरवा.

गाणं कुणाचं, ते तपासा

चित्रपटाचं गाणं पुस्तकात शोधायला गेलात तर बहुतेक वेळा सापडणार नाही. 'भरजरी गं पितांबर' हे अत्र्यांचं गीत आहे, गुरुजींच्या पुस्तकातलं नव्हे. सर्वांत मोठं उदाहरण १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम'मधलं. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग म्हणून घराघरांत म्हटला जातो. गाथा चाळून पाहा, तो तिथे नाही. शांताराम आठवल्यांनी तो चित्रपटासाठी रचला. म्हणून वहीत पुस्तकाचं नाव लिहाल तेव्हा खाली गीतकाराच्या नावासाठी एक ओळ मोकळी ठेवा. तुकोबांची गाथा सर्वांची आहे, पण गीतकाराच्या ओळी कुठे छापायच्या असतील तर तो ६१ चा हिशोब त्याच्यासाठी वेगळा करावा लागतो.